आठव्या पुलाची नाडी

बाईंनी मला खोली दिली ती माझी नाडी पाहून. ऑफिसचं पत्र, वडिलांनी वरोऱ्याच्या ओळखीतून आणलेली चिठ्ठी, फोटो, सगळं पिशवीतच राहिलं. बाईंनी दारातच माझं मनगट धरलं, स्वतःच्या घड्याळावर नजर लावली आणि अर्धा मिनिट मला तसंच उभं ठेवलं. "शहाण्णव," त्या म्हणाल्या. "भेली काऊन व? मी काय सुई टोचून राह्यली तुले?" मी काही बोलायच्या आत त्या आत वळल्या. "ये. चपला भाईरच ठेव."

दोन हजार सालाच्या पुढेमागची ही गोष्ट. गडचिरोलीत एका सरकारी ऑफिसात मी कंत्राटावर डाटा एंट्री करायला लागले होते आणि एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. बाई निवृत्त नर्स. त्यांची सगळी नोकरी जंगलातल्या उपकेंद्रांवर गेलेली, धानोऱ्याकडे, एटापल्लीकडे, जिथे पावसाळ्यात एसटी अर्ध्या वाटेतून परत फिरते. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "वेळ नाई भेटला," आणि वालाच्या शेंगा सोलत राहिल्या.

त्या कोणालाही नावानं हाक मारत नसत. जो जे काम करतो ते त्याचं नाव. दूधवाला आला की "दूध, आज उशीर काऊन?", पोस्टमन आला की "टपाल, बस, पाणी पी." मी ऑपरेटर. चार वर्षं त्यांच्याकडे राहिले, पण माझं नाव त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे घरून आईचा फोन आला आणि तिनं नावानं हाक मारली, तर मलाच क्षणभर वाटायचं, ही कोणाला बोलवते आहे?

मोजणं हा बाईंचा रोग होता. रोग हा शब्द मी त्यांच्या तोंडावरही वापरला आहे, त्या हसल्या होत्या. सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. पंख्याखाली बसल्या की पंख्याचे फेरे मोजायच्या आणि म्हणायच्या, "आज सुस्त हाय, लाइट कमी येऊन राह्यली." गल्लीतल्या हातपंपाला पाणी दांडा किती वेळा मारल्यावर येतं हे उन्हाळाभर भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीनं लिहायच्या. मला ताप आला तर हाताला हात लावायच्या आधी घड्याळ पुढे. आणि दुसरं, उकळणं. चमचे उकळायच्या, कात्री उकळायच्या, माझा कंगवासुद्धा एकदा उकळला, तो वाकडा झाला तर म्हणाल्या, "वाकडा झाला पण साफ झाला ना?" अशा बाईशी भांडून काय मिळणार?

तर या बाई रोज दुपारी जेवण झालं की टीव्ही गेम खेळत. साठीची बाई, नऊवारीचा काष्टा सोडून दोन तास जमिनीवर मांडी घालून बसलेली, हातात तो लाल बटणांचा रिमोट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. बाईंनी मान न वळवता म्हटलं, "हासजो मंग. आता पूल हाय."

त्यामागे एक हकीकत होती. धानोऱ्याकडच्या एका उपकेंद्रावर असताना लसीकरणाच्या दिवशी पोरं जंगलात पळून जायची. आया गोंडीत समजावून थकायच्या, बाईंनाही गोंडी येत होती, पण सुईची भीती कोणत्याच भाषेत जात नाही. मग बाई एकदा पगार झाल्यावर चंद्रपूरला गेल्या आणि बाजारातून तो टीव्ही गेमचा डबा घेऊन आल्या, छोटा टीव्हीही आणला. लाइट असेल त्या दिवशी व्हरांड्यात लावायचा. नियम एकच, सुई आधी, पाळी नंतर. पुढच्या खेपेला म्हणे पोरं रांगेत उभी होती, त्यातली दोन तर आधीच टोचून झालेली, पुन्हा टोचून घ्यायला आलेली. वरच्या साहेबांनी पाहणीला येऊन विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, औषध. साहेब बसले आणि अर्धा तास खेळून गेले.

सोबत एक पिवळी कॅसेट आली होती. तिच्यावर चिनी का जपानी अक्षरं, कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून गेमला नाव नव्हतं. बाई त्याला नुसतं "पूल" म्हणत. पाठीवर बोचकं घेतलेलं एक टोपीवालं पोट्टं तुटक्या पुलांवरून उड्या मारत जातं, खाली नदी. असे आठ पूल. आठव्याच्या फळ्या पायाखालून पडत जातात आणि पलीकडे एक घर दिसतं. ते घर बाईंनी दुरूनच पाहिलं होतं. सात पूल त्या भाकरी थापल्यासारख्या पार करायच्या, आठव्याच्या मध्यावर पोट्टं पाण्यात. शेजारच्या मास्तरीणबाईंचं मत असं, की नोकरीत इतके नाले ओलांडले ना, म्हणून यांना तोच गेम लागतो. मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काई नाई. मले गेम आवडते, बस."

माझ्या दुसऱ्या वर्षी एका उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि डब्याचं चित्र गेलं. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा, आवाज मात्र शाबूत. रिपेरिंगवाल्यानं डबा उघडला, बंद केला आणि म्हणाला, नवीन घ्या. नवीन आता कुठे मिळत नव्हता, चंद्रपुरातही नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाई त्या रेघांसमोर बसल्या आणि नुसता आवाज ऐकत राहिल्या. मला ते पाहवेना.

माझ्याकडे तेव्हा कॉम्प्युटर होता. भावाचा जुना, वरोऱ्याहून एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन मी आणलेला, घरी टायपिंगची कामं करायला. ऑफिसातल्या एका मुलानं मला सांगितलं होतं की टीव्ही गेम कॉम्प्युटरवर चालवता येतात, त्यासाठी इम्युलेटर नावाचा प्रोग्राम लागतो. तो कॉम्प्युटरला त्या डब्यासारखं वागायला लावतो. मी बाईंना सांगितलं.

"म्हणजे बदली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रेगुलर नर्स रजेवर गेली का बदलीवर दुसरी पाठवते ना ऑफिस, तशी. हा डब्याच्या बदलीवर."

मी म्हटलं, हो, तसंच. "मंग पाह्यलं पायजे," बाई म्हणाल्या. "बदलीवर कोणी बी येते. चांगली बदली कोणची, सांग बरं? जिच्या हातानं लेकरू पह्यल्यासारखंच रडते, ती." आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

शनिवारी मूल गावावरून जाणाऱ्या बसनं चंद्रपूर गाठलं आणि कॉम्प्युटरच्या दुकानातून एक सीडी आणली. तिच्यात शेकडो गेम आणि एक इम्युलेटर. पण आपल्या गेमचं नावच ठाऊक नाही, शोधायचा कसा? मी एकेक फाइल उघडायची, पहिलं चित्र पाहायचं आणि बंद करायची. तीन रविवार गेले. मला गेमचा तसाही कंटाळा, माझं तोंड आंबट झालेलं. तिसऱ्या रविवारी सकाळी एक फाइल उघडली आणि स्वयंपाकघरातून बाई कणकेच्या हातानं धावत आल्या. सूर ऐकूनच आल्या होत्या.

"हाच. हाच पोट्टा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण हा पळून काऊन राह्यला?"

"पळत नाही बाई, चालतोच आहे."

"नाई. घाई हाय याले."

मी म्हटलं, बाई, हा इम्युलेटर सगळ्यात चांगला म्हणतात, चित्र बघा किती गुळगुळीत. बाईंनी चित्र पाहिलं. "याले पावडर कोणं लावली?" त्यांनी हात धुतले, घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं आणि सुरातल्या ढोलाचे ठोके मोजले. मग उठल्या, जुना डबा लावला आणि रेघांतून येणाऱ्या आवाजाचे ठोके मोजले. पुन्हा कॉम्प्युटर. पुन्हा डबा. मी तोवर चहा करून प्याले.

"डब्याची शंभर," बाई म्हणाल्या. "याची एकशेवीस. ताप हाय याले. दुसरा आण."

मी खूप समजावलं. म्हटलं, दुनिया यालाच चांगला म्हणते. त्या म्हणाल्या, "दुनियेची नाडी मी पाह्यली नाई." मग मी पुन्हा चंद्रपूर, या वेळी इंटरनेटच्या दुकानात. एक इम्युलेटर उतरायला तास-दीड तास, फ्लॉपीवर घ्यायचा, घरी येऊन पाहावं तर फ्लॉपी खराब. असं करत करत दोन महिन्यांत तीन आणखी आणले. बाई प्रत्येकाला पेशंटसारखं तपासायच्या. एक काळ्या पडद्यावर उघडणारा होता, तो आमच्या कॉम्प्युटरवर आवाजच देईना. "मुका हाय, नाडी कुठी पाहू?" एकाचा आवाज सारखा तुटायचा, कॉम्प्युटर जुना म्हणून त्याला तो पेलत नव्हता. बाईंनी कान लावला आणि म्हणाल्या, "छाती भरली याची." दोघंही बाद. चौथा दिसायला अगदी दळभद्री, राखाडी खिडकी, नुसत्या याद्याच याद्या. त्याचा आवाज स्वच्छ होता, पण नाडी पुन्हा एकशेवीस.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, तुमचा डबाच म्हातारा झाला असेल, म्हणून हळू चालतो. उगाच माझे शनिवार खाऊ नका. बाई शांतपणे म्हणाल्या, "डबा घेतला त्या सालीच मोजली होती. तवा बी शंभरच होती." आणि मला कॅलेंडरांचा गठ्ठा दाखवायला निघाल्या. मी हात जोडले.

रागारागात मी त्या चौथ्यासोबत आलेली माहितीची फाइल उघडली. इंग्रजी, लांबलचक. डिक्शनरी घेऊन बसले. त्यात लिहिलं होतं की जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवतात आणि बाकी बऱ्याच देशांतले पन्नास. मशीन टीव्हीच्या तालावर चालतं. आपले टीव्ही पन्नासचे, म्हणून आपल्याकडच्या डब्यांत तोच गेम सहा पावलांच्या जागी पाच पावलं टाकतो. साठाला पन्नास, एकशेवीसला शंभर. मी तो हिशेब दोनदा केला. इंजिनिअर लोकांनी जे लिहून ठेवलं होतं ते या बाईनं मनगटावरच्या घड्याळानं काढलं होतं, आणि मी तिला वेडी समजत होते. मला खरंच लाज वाटली.

याद्यांमध्ये एक खूण बदलली की तो इम्युलेटर पन्नासावर यायचा. मी बदलली. बाईंनी मोजलं. "शंभर," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे त्याले ताप नव्हताच," त्या म्हणाल्या. "त्यायच्याकडं एकशेवीसच नॉर्मल. आपल्याकडं येऊन हळू झाला."

"हो. म्हणजे खरा गेम तोच, बाई. आपण खेळतो तो मंदावलेला."

"खरा कायचा? माह्या बोटायले जो माईत हाय तो खरा."

हा चौथा दळभद्री इम्युलेटर कायमचा नेमणुकीवर आला. दुपारी जेवण झालं की बाई स्पिरिटच्या बोळ्यानं कीबोर्ड पुसायच्या, एकेक बटण, आणि मग खेळायला बसायच्या. त्या स्पिरिटनं महिन्याभरात निम्मी अक्षरं पुसली गेली. मला न बघता टाइप करता येत होतं म्हणून निभावलं. नाही तर मी त्यांच्याशी जन्मात बोलले नसते.

बदली मिळाली तरी आठवा पूल पार होत नव्हता. आधी मध्यापर्यंत तरी जायच्या, आता त्याच्या आधीच पडायला लागल्या. मला कारण कळायला वेळ लागला. एक दिवस त्या मला चहा देत होत्या आणि कप बशीवर वाजत राहिला, थांबेना. बाईंनीच सांगितलं. कंपवात. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलेलं, वाढतच जाणार. नोकरी त्यांनी मुदतीच्या दोन वर्षं आधी सोडली होती, हे मला माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. लस भरताना एक थेंब सांडला होता. नुसता एक थेंब. त्या आठवड्यात त्यांनी अर्ज दिला.

"सुई गेली," त्या म्हणाल्या. "आता एवढंच रायलं. हात हायेत तोवर मले आठवा पार करायचा हाय, ऑपरेटर. बाकी काई नाई पायजे मले."

एवढं सरळ त्या स्वतःबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. मला गलबलून आलं. आणि त्याच गलबल्यात मी एक उद्योग केला.

त्या इम्युलेटरमध्ये गतीही कमी-जास्त करता यायची. एका रविवारी बाई अंघोळीला गेल्या असताना मी ती दहा टक्के उतरवली. आवाज किंचित जड झाला, पण मला वाटलं, कोणाला कळणार? जेवणं झाली. बाई बसल्या. स्पिरिट, बोळा, कीबोर्ड. नाडी त्या फक्त बदली तपासताना पाहायच्या, रोज नाही, हे मी धरून चालले होते. पहिला पूल, दुसरा, पाचवा. सातवा. आठव्यावर फळ्या पडायला लागल्या आणि बाईंची बोटं त्यांच्या जरा पुढेच होती. पोट्टं शेवटच्या फळीवरून उडालं आणि पलीकडे उतरलं. घराचं दार उघडलं, आत दिवा लागला आणि कधी न ऐकलेला एक सूर वाजला. मी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग गेम पहिल्यापासून लावला, हात मांडीवर ठेवले आणि पोट्ट्याला उभंच ठेवून सूर ऐकत राहिल्या. घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. मोजलं.

"नव्वद," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"हे कोण पार झालं मंग?"

"बाई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"माईत हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी बी एकदा असंच केलं. पेंढरीकडं होती तवा. लेकराले एकशेचार ताप. त्याची माय थरथर कापून राह्यली होती, म्हून मी तिले एकशेदोन सांगतला. ती म्हणे, मंग रातभर पाह्यतो, सकाळी नेतो दवाखान्यात. मी म्हटलं बरं."

"मग?"

"मंग काय. सकाळ झाली."

बाईंनी घड्याळ पुन्हा बांधलं, हात हलत होता म्हणून पट्टा दोनदा सुटला, मी मदत करायला गेले नाही. "तिले बरं वाटावं म्हूनच केलं व मी," त्या म्हणाल्या. "तुह्यावानीच. तू मले काई बी दे ऑपरेटर, पण आकडा खरा सांगजो. पुढं काय करायचं ते माहं मी पाहीन." त्यांनी मला शंभर करायला लावलं, समोर बसून मोजून खात्री केली आणि उठून गेल्या. आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. जेवायला मात्र रोज वाढलं, भाजीत मीठ नेहमीसारखं.

त्यानंतर दीडेक वर्ष बाई शंभरावर खेळत राहिल्या. आठव्यापर्यंत जाणं कमी होत गेलं, मग सातव्यापर्यंत, मग सहाव्या पुलालाच पोट्टं पाण्यात. गोळ्या होत्या, त्यांचा असर दुपारी बरा असतो म्हणून दुपारचीच वेळ. मी शेजारी बसून शेंगा सोलायची आणि मनात म्हणायची, सोडा ना आता. बोलले कधीच नाही. एकदा हिंमत करून म्हटलं, बाई, थोडी विश्रांती घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शेंगांचं भांडं उचलून स्वयंपाकघरात गेले.

आणि मग एका रविवारी, मी कपडे वाळत घालत होते तर बाई अंगणात आल्या. पदराखाली हात बांधलेले, हलताना दिसू नयेत म्हणून.

"ऑपरेटर," त्या म्हणाल्या, "आज नव्वद कर."

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. मला रडू आलं, ते मी ओल्या चादरीआड करून घेतलं. आत जाऊन नव्वद केलं. त्यांनी मोजलं, पेन्सिल मागितली आणि कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात नव्वद लिहिलं. सहाव्यावर पडल्या. पुढच्या महिन्यात म्हणाल्या, "पंच्याऐंशी." मग ऐंशी. आकडा उतरवला की आधी मोजायच्या, मग लिहायच्या, मग खेळायच्या. डॉक्टर डोस बदलतो तितक्या कोरडेपणानं. सूर आता इतका संथ झाला होता की पोट्टं उडी मारून हवेत जरा टेकतंय असं वाटायचं. पावसाळ्यात पुरानं रस्ते बंद झाले, ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशी बाईंनी सांगितलं, "बहात्तर."

मी केलं. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "याच्याखाली नाई जायचं. हे शेवटचं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. धडधाकट माणसाची नाडी. तिच्याखाली त्या उतरणार नव्हत्या, हात काहीही म्हणोत. चार दिवस त्या बहात्तरवर पडत राहिल्या. पाचव्या दिवशी सहा पूल झाले, सात झाले. आठव्यावर त्यांचं बोट एकदाच्या जागी दोनदा दाबलं गेलं, पोट्टं जास्तीची उडी मारून अगदी कडेला पडलं, तिथेच डुललं, आणि मला वाटलं, गेलं. नाही गेलं. बाईंनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि एकाच बोटानं शेवटच्या तीन फळ्या काढल्या. दार उघडलं. दिवा लागला.

त्यांनी सूर संपेपर्यंत ऐकला. मग कॅलेंडर ओढलं, पेन्सिल धरली, पण सात लिहिताना रेघ चौकोनाबाहेर गेली. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "तू लिही. आठवा पार, नाडी बहात्तर. दोनी लिहिजो." मी दोन्ही लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. त्यांचा चेहरा इतका शांत मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"झालं बाई," मी म्हटलं. "आता बंद करू?"

"बंद कायले? आता तू बस. शंभरवर कर."

मी इतकी वर्षं हा गेम शोधला होता, लावला होता, त्याची गती उतरवली होती, चढवली होती, पण खेळले एकदाही नव्हते. बसले. शंभर केलं. पहिला पूल कसाबसा झाला. दुसऱ्याच्या तिसऱ्या फळीवर पोट्टं पाण्यात. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर पहिल्यावरच.

बाई माझ्या हातांकडे पाहत होत्या.

"हात तं तुहे चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "मंग पडून काऊन राह्यली?"

माझं तोंड उतरलं. दीड वर्ष शेजारी बसून मी ज्या बाईची कीव करत होते, ती हलत्या हातांनी याच शंभरावर सहाव्या पुलापर्यंत जात होती.

"बाई, कसं करायचं सांगा ना," मी म्हटलं.

"सांगतो ना," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.